ताबा कोणाकडे?

ज्योत्स्नाबाई गावंडे दिवसभरात कितीदा 'राहू दे' म्हणत याची मोजदाद कोणी केली नव्हती. पण त्यांना खरोखर काही राहू द्यायचं असे, असं मात्र क्वचितच घडे. जेवणानंतर सुनेनं ताटं उचलायला घेतली की 'राहू दे'. याचा अर्थ, उचल, पण मी नको म्हटलं होतं हे ध्यानात ठेव. मुलानं साडी घ्यायला दुकानात नेलं की 'राहू दे, कशाला उगाच'. याचा अर्थ, अजून एकदा विचार. शेवटची पुरणपोळी वाढायला आणली की 'राहू दे, मला नको'. याचा अर्थ वाढणाऱ्यानं ओळखायचा. परतवाड्याच्या मुलींच्या शाळेत तीस वर्षं मराठी शिकवताना बाईंनी पोरींच्या निबंधांतल्या मोघम वाक्यांभोवती लाल गोल काढले होते. स्वतःचं बोलणं मात्र त्यांनी कधी तपासायला घेतलं नाही.

ऋजुता लग्न होऊन या घरात आली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिनं 'राहू दे' ऐकून ताटं खरोखर राहू दिली होती. संध्याकाळपर्यंत घरात कोणी कोणाशी धड बोललं नाही. शेवटी तिचा नवरा हर्षल हसत म्हणाला, "अगं, आई राहू दे म्हणाली की आपण करत राहायचं असतं." हा धडा तिनं एकदाच घेतला आणि पक्का घेतला. पुढे पुढे तर 'राहू दे' कानावर पडलं की हातातली वस्तू ती आपोआप अधिक घट्ट धरू लागली.

हे सगळं स्वयंपाकघरातच राहिलं असतं. पण मग पुढच्या खोलीत विमान आलं.

त्या वर्षांत तालुक्यातालुक्यांना जोडणारी, विजेवर चालणारी छोटी विमानं सुरू झाली होती. मेळघाटातल्या अडलेल्या बाईला घाटातून खाली आणायला जेवढा वेळ लागे, तेवढ्यात विमान तिला नागपूरला पोचवून परत येई. विमानं आली, धावपट्ट्या आल्या, वैमानिक मात्र मिळेनात. म्हणून घरच्या सिम्युलेटरवर केलेल्या सरावाचे तास प्रशिक्षणात धरायला परवानगी मिळाली, आणि ऋजुतानं वैमानिक व्हायला नाव नोंदवलं.

घरचे सिम्युलेटर काही नवे नव्हते. पण जुने सगळे फक्त डोळ्यांना फसवत. पडद्यावर विमान कललं तरी शरीर म्हणायचं, मी तर परतवाड्यात खुर्चीवर बसलोय. नव्या यंत्रानं शरीरालाही फसवायला घेतलं. आपल्या कानाच्या आत तोल सांभाळणारं एक इंद्रिय असतं. बारीक वळलेल्या नळ्या आणि त्यांत द्रव. डोकं कललं की द्रव हलतो आणि मेंदूला बातमी जाते. कानांमागच्या हाडांवर दोन चकत्या लावून अगदी सौम्य वीज सोडली, तर द्रव न हलताच तीच बातमी मेंदूला पोचते. शास्त्रज्ञांना हे फार आधीपासून ठाऊक होतं. आता तो प्रवाह पडद्यावरच्या विमानाच्या प्रत्येक हालचालीशी जुळवता येऊ लागला, एवढंच नवं. डोक्याला पट्टा बांधून ऋजुतानं पहिल्यांदा विमान डावीकडे वळवलं, तेव्हा ती खुर्चीत सरळ बसलेली असूनही तिनं घाबरून उजव्या हातानं टेबल धरलं.

नियम असा होता, की शेजारच्या खुर्चीत घरातलं कोणीतरी 'सोबती' म्हणून नोंदवलेलं हवं. एकट्यानं सराव केला की एकट्याचीच सवय लागते, आणि शिकताना विमानात दोघं असतात. हर्षल अमरावतीला नोकरीला, शनिवार-रविवार तेवढा घरी. त्यामुळे सोबती म्हणून सासूबाईंचं नाव लागलं.

यंत्र बसवायला आलेला माणूस सगळं जोडून झाल्यावर म्हणाला, "मॅडम, तुम्ही बसून बघता का डाव्या खुर्चीत? मुख्य वैमानिकाची असते ती."

"राहू दे बाप्पा, मला काय करायचंय," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या. तो बिचारा परका. त्यानं हत्यारं आवरली आणि चहा पिऊन निघून गेला.

यंत्रात शिकवणारा एक आवाज होता, मराठीत बोलणारा. ज्योत्स्नाबाईंनी त्याचं नाव मास्तर ठेवलं आणि पहिल्याच दिवशी त्याचा 'ळ' सुधारायला घेतला. उजव्या खुर्चीत चष्मा सावरत त्या तपासणीची यादी खणखणीत वाचत, वर्गात हजेरी घ्यावी तशी. ऋजुता एकेक उत्तर देई. सासू-सून म्हणून ज्या दोघींना भाजीच्या फोडणीपलीकडे विषय सापडत नव्हता, त्या आता सांडगे घालतानाही वाऱ्याची दिशा बोलू लागल्या.

मास्तर भाषा शब्दकोशातून शिकलेला नव्हता. बोललं काय गेलं आणि त्यानंतर माणसांनी केलं काय, हे शेजारी शेजारी ठेवून तो अर्थ काढायचा. लहान मूलही असंच शिकतं. जेवढं ऐकेल तेवढा तो घरच्यासारखा समजू लागे, आणि पुढच्या खोलीत स्वयंपाकघरातलं सगळं ऐकू येत होतं. शिकणाऱ्याविषयी त्यानं गोळा केलेली ही सारी ओळख खऱ्या विमानातही सोबत जायची, म्हणजे तिथला मास्तर परका वाटू नये. ही सोय सगळ्यांना फार आवडली होती.

धावपट्टीजवळच्या प्रशिक्षण केंद्रात, खऱ्या विमानात ऋजुताला कॅप्टन सोमण शिकवत. नौदलातून निवृत्त झालेले, शिस्तीचे, रागावले की आवाज चढण्याऐवजी उतरणारे. विमानात दोघांपुढे विमान वळवायची एकेक स्टिक असे, पण एका वेळी एकच चालू. कंट्रोल कोणाकडे हे विमानातला मास्तर दोघांच्या बोलण्यावरून ठरवायचा. त्यासाठी इंग्रजीतले ठरलेले शब्द होते आणि सोमण ते चोख वापरत. शिवाय त्यांच्या बाजूला एक लाल बटण होतं. ते दाबलं की बोलण्याचालण्याचा प्रश्नच नाही, सगळं शिक्षकाकडे.

एप्रिलमधली सकाळ होती. चार उतरणी छान झाल्या होत्या आणि पाचवी नीट झाली की सोमण तिला एकटीला वर पाठवणार, हे दोघांनाही माहीत होतं. धावपट्टी समोर आली आणि डोंगराकडून वाऱ्याचा जोराचा झोत आला. विमानाचा डावा पंख उचलला गेला. ऋजुतानं तो दाबला, जरा जास्तच दाबला.

"राहू दे," सोमण म्हणाले. मग जोरात, "राहू दे, राहू दे!"

ऋजुताची मूठ आवळली. सोमणांनी आपली स्टिक ओढली, पण ती मेलेली होती. विमानानं ताबा दिलाच नव्हता. खालची जमीन वर येत होती. त्यांनी लाल बटणावर मूठ मारली, विमान वर घेतलं आणि एक लांब फेरी मारून स्वतः उतरवलं.

"मी काय म्हणालो ते ऐकू आलं होतं?" ऑफिसात बसल्यावर त्यांनी विचारलं.

"हो सर. राहू दे म्हणालात."

"मग?"

"मी धरून ठेवलं," ऋजुता म्हणाली. का धरून ठेवलं, हे तिला स्वतःलाच कळत नव्हतं.

सोमणांचा आवाज अगदी खाली आला. "चुका सगळे करतात. पण मागितल्यावर कंट्रोल न सोडणाऱ्या माणसाला मी एकटं वर पाठवत नाही. आणि विमानानंही तुझंच ऐकलं. म्हणजे घरच्या सरावात काहीतरी मुळातच चुकलंय. ते सगळे तास रद्द करावे लागतील असं दिसतंय. आठवडाभरात समिती बसेल."

तास रद्द म्हणजे पुन्हा श्रीगणेशा. आणि तोवर तिची जागा रांगेतल्या दुसऱ्याला जाणार. ऋजुता घरी आली, गच्चीवर गेली आणि कुरडयांच्या कामाला लागली. काय झालं ते ज्योत्स्नाबाईंनी तिच्याकडून तुकड्यातुकड्यानं काढून घेतलं.

"त्या सोमणांना समजत नाही का काही? माझी सून हट्टी आहे होय?" त्या तणतणल्या.

ऋजुता चिकानं भरलेली परात उचलायला वाकली.

"राहू दे वं, जड आहे ते."

ऋजुतानं परात उचलली, गच्चीच्या दुसऱ्या टोकाला नेली आणि तिथं पोचल्यावर एकदम थांबली. परात हातातच होती.

"आई, तुम्ही आत्ता काय म्हणालात?"

"काय म्हणाले? राहू दे म्हटलं."

"मग मी ठेवली का नाही?"

ज्योत्स्नाबाईंना प्रश्नच कळेना. "काहून ठेवशील? ठेवली असतीस तर मीच म्हटलं असतं, बघा, माझं म्हणायचं निमित्त, लगेच ठेवली!"

ऋजुता हसायला लागली. इतकी हसली की तिला परात खाली ठेवावी लागली, आणि मग त्या हसण्याचं रडं कधी झालं ते तिलाच कळलं नाही. तिनं सगळं समजावून सांगितलं तेव्हा ज्योत्स्नाबाई कठड्याला टेकून उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"म्हणजे माझ्या तोंडच्या शब्दापायी तुझं विमान पडलं असतं?"

"तुमच्या एकटीच्या नाही, आई. मीही तसंच शिकले. मास्तरही."

"बाप्पा रे," एवढंच त्या म्हणाल्या. त्या दिवशी त्या नीट जेवल्या नाहीत. त्यांना खरंच भीती वाटली होती, आणि त्याहून जास्त लाज.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र इस्त्रीची साडी नेसून त्या सुनेबरोबर सोमणांच्या ऑफिसात हजर झाल्या. तिथं यंत्रांचं काम पाहणारी शबाना काझी नावाची तरुण इंजिनिअर होती. ऋजुताचं म्हणणं ऐकून तिनं केंद्रातल्या सिम्युलेटरमध्ये ऋजुताची ओळख चढवली आणि सोमणांना उजव्या खुर्चीत बसवलं.

"राहू दे," सोमण म्हणाले. कंट्रोल ऋजुताकडेच राहिलं. त्यांनी तीनदा म्हटलं, चढ्या आवाजात म्हटलं. काही फरक नाही.

मग शबाना स्वतःची ओळख घालून डाव्या खुर्चीत बसली. तिचा सराव हॉस्टेलवर झालेला, मैत्रिणींबरोबर. सोमणांच्या तोंडून 'राहू दे' निघतंय न निघतंय तोच कंट्रोल त्यांच्याकडे आलं.

"हॉस्टेलवर कोणी राहू दे म्हणालं की आम्ही लगेच राहू देतो, सर," शबाना म्हणाली. "भांडी घासायचा तर प्रश्नच नसतो."

"हे अजब आहे," सोमण म्हणाले. "आमच्या घरी राहू दे म्हणजे सोडून दे. सरळ अर्थ आहे."

"तुमच्या मिसेसना विचारलंय कधी?" ज्योत्स्नाबाईंनी विचारलं.

शबानानं तोंड फिरवून हसू दाबलं. सोमण खुर्चीतून उठले. मग म्हणाले, "चूक माझीही आहे. ठरलेले शब्द मी वापरायला हवे होते. एवढी वर्षं वापरले. पण वाऱ्याचा झोत आला आणि तोंडातून घरचं निघालं."

"अडचणीत घरचंच निघतं," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या.

शबाना म्हणाली, ऋजुताची ओळख पुसून टाकली की प्रश्न मिटला. मास्तर कोरा होईल. सोमणांनी मान हलवली. "मास्तर विसरेल. हिच्या हातांचं काय?"

ऋजुताच म्हणाली, "पुसू नका. जिथं शिकले तिथंच मोडते ही सवय. मला तीन आठवडे द्या. मग तुम्ही वाटेल तेव्हा, वाटेल त्या शब्दांत मागा. एकदा जरी धरून ठेवलं, तरी तास रद्द करा."

सोमणांनी समितीला तसं कळवलं, आपली चूकही त्यात लिहिली. शबानानं एक सुधारणा मात्र लगेच केली. यापुढे शब्द ठरलेला नसेल तर मास्तर अंदाज बांधणार नव्हता, तोंडावर विचारणार होता. आणि कंट्रोलची देवाणघेवाण तीन वेळा बोलून होणार होती, घरच्याच भाषेत, म्हणजे घाईतही तेच तोंडी येईल. शब्द कोणता घ्यायचा यावर सगळे अडले, तेव्हा निवृत्त मराठीच्या बाई म्हणाल्या, "ताबा. छोटा आहे, जोडाक्षर नाही, आणि दोन अर्थ निघत नाहीत."

मग गावंड्यांच्या घरात तीन आठवडे जे चाललं, ते शेजाऱ्यांना आजही आठवतं.

"ताबा तुझा," ताटांचा ढीग पुढे करत ज्योत्स्नाबाई म्हणत.

"ताबा माझा," ऋजुता म्हणे.

"ताबा तुझा," असं तिसऱ्यांदा म्हटल्याशिवाय ताट हलायचं नाही. पाहुणी आलेली एक आत्या हे ऐकून संध्याकाळची गाडी सोडून दुपारच्याच गाडीनं गेली. शनिवारी आलेल्या हर्षलनं सवयीनं आईच्या हातातली पिशवी ओढली, तर दोघी एकदम ओरडल्या, "ताबा कोणाकडे?"

ऋजुताला जड गेलंच. सासूबाई 'राहू दे' म्हणायच्या आणि तिला खरंच हात काढावे लागायचे, त्या हातांचं मग काय करावं हे तिला सुचत नसे. पण खरी परीक्षा ज्योत्स्नाबाईंची झाली. आता त्यांनी 'राहू दे' म्हटलं की वस्तू खरोखर राहू लागली. एके दुपारी ऋजुतानं शेवटची पुरणपोळी पुढे केली. "राहू दे, मला नको," त्या म्हणाल्या. ऋजुतानं पोळी उचलली आणि डब्यात घालून डबा बंद केला.

ज्योत्स्नाबाई डब्याकडे बघत राहिल्या. हसावं की रागवावं ते त्यांना कळेना.

"हवी होती का, आई?"

ज्योत्स्नाबाईंनी डबा जवळ ओढला. "हवी होती."

"मग हवी म्हणा ना."

"नाही म्हणता येत वं मला," त्या म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. "आमच्या वेळी बाईमाणसानं पहिल्या झटक्यात हो म्हटलं की हावरी म्हणायचे. आधी नको म्हणायचं, मग कोणीतरी आग्रह करायचा, मग घ्यायचं. पण आग्रह करणारं माणूस शेजारी असावं लागतं. नसलं की ते नको तसंच राहून जातं." डबा उघडून त्यांनी पोळी घेतली, अर्धी मोडून सुनेला दिली. मग खाता खाता, फार किरकोळ गोष्ट सांगत असल्यासारख्या सुरात म्हणाल्या, "त्या यंत्रवाल्यानं विचारलं होतं ना, डाव्या खुर्चीत बसता का म्हणून. मला बसायचं होतं. त्यानं दुसऱ्यांदा विचारलंच नाही."

इतके महिने ही बाई शेजारच्या खुर्चीत बसून यादी वाचत होती, आणि आपणही कधी विचारलं नाही, याचं ऋजुताला फार वाईट वाटलं. तिनं हात धुतले आणि सासूबाईंना पुढच्या खोलीत नेऊन डाव्या खुर्चीत बसवलं. डोक्याला पट्टा बांधला. ज्योत्स्नाबाईंनी विमान उचललं, सातपुड्यावरून एक वेडीवाकडी चक्कर मारली आणि धावपट्टी सोडून शेजारच्या तुरीच्या शेतात उतरवलं.

"पुन्हा," त्या म्हणाल्या. स्पष्ट, एका शब्दात.

तीन आठवड्यांनी सोमणांनी ऋजुताची परीक्षा घेतली. ती अशी कोणाची कधी घेतली नव्हती. वळताना मागितलं, उतरताना मागितलं, ती रेडिओवर बोलत असताना मागितलं. कधी ठरलेल्या शब्दांत, कधी मुद्दाम 'राहू दे' म्हणून, कधी 'असू दे, मी बघतो' म्हणून. 'राहू दे'वर मास्तर 'कोणाकडे?' असं विचारण्याआधीच ऋजुताचे हात मोकळे झालेले असत. शेवटची उतरण झाल्यावर सोमणांनी विमान धावपट्टीच्या कडेला थांबवायला लावलं, पट्टा सोडला आणि खाली उतरले.

"ताबा तुझा," दार धरून ते म्हणाले.

ऋजुतानं रिकाम्या उजव्या खुर्चीकडे पाहिलं. "ताबा माझा, सर."

"ताबा तुझा." त्यांनी दार लावलं.

ती एकटी वर गेली आणि एक फेरी मारून अलगद खाली आली. धावपट्टीच्या कुंपणाबाहेर उभ्या असलेल्या ज्योत्स्नाबाईंनी तेवढा वेळ श्वास घेतला की नाही, कोण जाणे. घरचे तास कायम राहिले, आणि पुढच्या पावसाळ्याआधी ऋजुताला परवाना मिळाला.

परवाना मिळाला की सोबत्याला एकदा खऱ्या विमानात न्यायचं, हा त्या केंद्राचा रिवाज होता. नव्या नियमांनी सोबत्याला थोडा वेळ ताबा घ्यायचीही मुभा होती, शिक्षक मागच्या खुर्चीत लाल बटण घेऊन बसलेला असेल तर. रविवारी सकाळी ज्योत्स्नाबाई उजव्या खुर्चीत बसल्या. मागे कॅप्टन सोमण. खाली चिखलदऱ्याचा घाट, हिरव्या-तपकिरी टेकड्या, मधूनच चमकणारं एखादं तळं. विमान स्थिर झालं तेव्हा ऋजुता म्हणाली, "आई, घ्या. ताबा तुमचा."

ज्योत्स्नाबाईंनी स्टिक धरली. समोर एवढं मोठं आभाळ पाहून तीन आठवड्यांची शिकवणी पार विसरली गेली.

"राहू दे," त्या म्हणाल्या.

ऋजुताचे हात स्टिककडे निघाले आणि वाटेतच थांबले.

"राहू दे, म्हणजे कोणाकडे?" मास्तरनं विचारलं.

मागे सोमणांनी बटणावर बोट ठेवून वाट पाहिली. ज्योत्स्नाबाईंनी एकदा सुनेकडे पाहिलं, एकदा डोंगरांकडे, आणि मग वर्गात शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जावं अशा आवाजात म्हणाल्या, "माझ्याकडे. माझ्याकडेच राहू दे. ताबा माझा."

"ताबा तुमचा," ऋजुता म्हणाली आणि तिनं दोन्ही हात मांडीवर ठेवले.